राहेलआक्काचा घरचा ईस्टर

दाविदचं पत्र येऊन तीन आठवडे झाले. आई प्रभूमध्ये निजली, मंडळीच्या मासिकासाठी तुम्ही चार ओळी लिहून द्याव्यात, असं त्यानं लिहिलं आहे. पुढं म्हणतो, ‘तुमच्याइतकं जवळून तिला कुणी ओळखत नव्हतं. तिची मला आलेली सगळी पत्रं तुमच्याच हातची आहेत.’

चार ओळी मी लगेच लिहिल्या. शहापूरच्या राहेलबाई मनमिळाऊ, कष्टाळू आणि प्रार्थनाशील होत्या, वगैरे. अठरा वर्षं मंडळीचा चिटणीस आहे. अशा ओळी मला झोपेतही लिहिता येतात. कागद दोनदा वाचला आणि फाडला. मनमिळाऊ तर ती मुळीच नव्हती. आणि तिची सगळी पत्रं माझ्या हातची असली तरी त्यातलं एक पत्र पुरतं तिचं नाही. परवा शाळेवर नवा झेंडा लागला तेव्हा हेडमास्तर म्हणून भाषण माझंच झालं. खरेपणावर बोललो. घरी आल्यावर बायको एवढंच म्हणाली, ‘दाविदचं पत्र अजून तसंच पडलंय.’ म्हणून हे लांबणार आहे. दाविद, छापायचं की नाही ते तू ठरव.

मी निपाणीचा. सत्ताविसाव्या वर्षी शहापूरला मिशनच्या मराठी शाळेवर मास्तर म्हणून आलो आणि विणकरांच्या गल्लीत खोली घेतली. शेजारचं घर राहेलआक्काचं. तेव्हा शहापूर सांगलीच्या राज्यात आणि आमचं चर्च बेळगावात, इंग्रजांच्या मुलखात. दर रविवारी आम्ही नाका ओलांडून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात प्रार्थनेला जायचो. राहेलआक्का सगळ्यांच्या पुढं. उंच, हडकुळी, मागावर सुताचा धोटा फेकून फेकून उजवा खांदा जरा खाली उतरलेला. मागाच्या खडखडाटात बोलायची सवय, त्यामुळं प्रार्थनाही ती ओरडूनच करायची. देव बहिरा नाही, असं पाळकसाहेबांनी एकदा हळूच सुचवलं. ती म्हणाली, “देव न्हाय बहिरा. पण तुमी सगळी एकदम पुटपुटताय, त्यातनं माझं त्याला येगळं ऐकू याया नको?”

तिचा एक शब्द ठरलेला होता. कौलं उडाली, सूत ओलं आलं, लुगड्याचा काठ चुकला, काहीही होवो. ती तुटलेला धागा ओठांत धरून तोंडाच्या कोपऱ्यातनं म्हणायची, “करू की.” आणि करायची.

नवरा लवकर गेला होता. दाविद एकुलता एक. घरात तिसरं माणूस म्हणजे तिची सासू, आत्ती. नवरा-बायकोनं बाप्तिस्मा घेतला तेव्हा आत्तीनं घेतला नाही. काही दिवसांनी ती थोरल्या मुलाकडं वडगावला गेली. पुढं तिचे डोळे गेले आणि थोरल्यानं तिला दाराबाहेर बसवली. राहेलआक्का जाऊन तिला घेऊन आली. आत्तीनं आपला देव सोडला नाही आणि सुनेचं नवं नावही कधी घेतलं नाही. शेवटपर्यंत तिला ती गंगूच म्हणायची.

शहापुरात अमावास्येला माग चालत नाहीत. विणकर माग पुसतात, हळदकुंकू लावतात, त्या दिवशी धोटा हलत नाही. बाप्तिस्म्यानंतरच्या पहिल्या अमावास्येला राहेलआक्काच्या नवऱ्यानं मुद्दाम माग चालवला होता, तेव्हा आत्ती दोन दिवस जेवली नव्हती. ती घरी परत आल्यापासून राहेलआक्का अमावास्येला माग बंद ठेवायची. हळदकुंकू नाही, नुसता बंद. पाळकसाहेबांनी हटकलं तर म्हणायची, “माग बंद ठिवला म्हंजे पाप लागतं असं कुठं लिवलंय दाखवा, पुढच्या अमाशेला चालू करते. म्हातारी उपाशी ऱ्हायली तर मातर ते मला लागतंय.”

आता माझं सांगतो.

माझी मुलगी तेव्हा दीड वर्षाची. तीन दिवस रडत होती, अंगावर पीत नव्हती. दवाखान्यातलं औषध झालं. बायको म्हणाली, आत्ती दृष्ट काढते, सगळी गल्ली तिच्याकडं जाते. रविवारच्या वर्गात असल्या गोष्टींवर मी मुलांना हसवायचो. पण त्या संध्याकाळी पोर गप्प पडली आणि मी तिला उचलून शेजारी गेलो. राहेलआक्का पाण्याला गेली होती. तेवढं बघूनच गेलो.

अमावास्या होती. आत्ती मागापाशी उभी होती, हातात हळदीची वाटी. डोळे मिटलेले. तिची बोटं मागाच्या लाकडावरून सरकत होती आणि मागं पाच सरळ पट्टे उमटत होते, पट्टीनं आखावेत तसे. साठ वर्षं मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून विणत बसलेली बाई. माझी चाहूल लागली तशी ती दचकली. मग माझा आवाज ओळखून म्हणाली, “गंगूला सांगू नगा मास्तर.” मी म्हणालो, माझंही कुणाला सांगू नका. तिनं मीठ-मोहरी उतरवली आणि त्याच बोटांनी पोरीच्या कपाळाला हळद लावली.

तेवढ्यात राहेलआक्का घागर घेऊन दारात. तिनं मागाकडं बघितलं, पोरीकडं बघितलं. घागर खाली ठेवली, पदर ओला केला आणि आधी पोरीचं कपाळ पुसलं.

“पाळकसाहेबांची सायकल नाक्यावर बघितली म्या. आज घरोघरी येणार. मागच्या दारानं जावा.”

मी मागच्या दाराशी पोचलो तेव्हा पुढच्या दारात सायकलची घंटा वाजली. माग पुसायला तिला वेळ मिळाला नाही.

आठ दिवसांनी मंडळीचे पंच बसले. राहेलआक्का उभ्यानंच बोलली. आत्तीनं लावलं, मी लावलं नाही, एवढं एकच वाक्य. पाळकसाहेब वाईट माणूस नव्हते. कोकणातले होते, माग त्यांनी दारातूनच पाहिलेला. म्हणाले, बाई, ज्या म्हातारीला भिंत धरल्याशिवाय चालता येत नाही तिनं अशा सरळ रेघा ओढल्या, हे कोण मानेल? तिला मी स्वतः विचारलं, ती शपथेवर नाही म्हणाली. एका घरातनं बाहेर बसवलेली म्हातारी दुसऱ्या घराच्या भीतीनं काय म्हणेल, हे राहेलआक्काला समजायला वेळ लागला नसावा.

मग पाळकसाहेब माझ्याकडं वळले. “मास्तर, तुम्ही शेजारी. म्हातारीला मागाशी उभी राहिलेली कधी पाहिलीत?”

मी कामकाज लिहीत होतो. पाहिली म्हणालो असतो तर कधी, आणि तुम्ही तिथं कशाला गेला होता, हेही निघालं असतं. मिशनच्या शाळेतली नोकरी त्याच दिवशी गेली असती.

“मी पाहिलं नाही,” म्हणालो.

राहेलआक्का समोरच उभी होती. विणलेलं कापड उजेडाला धरून दोष बघतात तसं तिनं माझ्याकडं बघितलं. माझ्या पोरीच्या कपाळाची गोष्ट तिनं काढली असती तर तिथंच संपलं असतं. तिनं काढली नाही. ठराव झाला: राहेलबाईंनी सर्वांसमोर मूर्तिपूजा आणि असत्य कबूल करीपर्यंत त्यांना प्रभुभोजन मिळणार नाही. वळणदार अक्षरात तो मीच वहीत लिहिला.

तिला बंदीचं फारसं वाटलं नाही, म्हणजे तसं दाखवलं नाही. लागलं ते दुसरंच. दाविद तेव्हा वीस वर्षांचा, निपाणीला एका डॉक्टरांकडं कंपाउंडर म्हणून नुकताच लागलेला. आई मागावर आणि तो आजीच्या मांडीवर, असा वाढलेला. मंडळीतल्या कुणीतरी त्याला कळवलं की तुझ्या आईनं स्वतःचं पाप आंधळ्या सासूवर ढकललं. त्यानंतर त्याचं घरी येणं थांबलं.

ईस्टरला तीनेक आठवडे असताना तिनं मला पत्र लिहायला बोलावलं. तिला अक्षर येत नव्हतं. माग चालू ठेवूनच ती सांगायची, वाक्यापुरते पाय थांबायचे.

“लिवा. दाविदा, तू ऐकलंस ते खरं न्हाय. हळद आजीनं लावली. भिऊन न्हाय म्हणाली. तिच्यावर राग धरू नगो.” माग खडखडला. पुन्हा थांबला. “माझ्यावर इस्वास नसंल तर हे पत्र लिवणाऱ्या मास्तरांस्नी इचार. त्यांनी डोळ्यांनी बघितलंय. ईस्टरला घरी ये. वाट बघते.”

आणि माझ्याकडं न बघता तिनं धोटा फेकला.

ती माझ्याकडं काही मागत नव्हती, उलट मला एक दार उघडून देत होती. पंचांसमोर नको, सगळ्या गावासमोर नको, फक्त तिच्या मुलापुढं खरं बोला. मी ‘राग धरू नको’ इथपर्यंत लिहिलं. पुढं लिहिलं, ‘ईस्टरला घरी ये. वाट बघते.’ मधली ओळ लिहिली नाही. तिनं खाली अंगठा उठवला आणि मी पाकीट बंद केलं.

दाविद, ती ओळ आज मी तुला लिहितो आहे. मी डोळ्यांनी बघितलं होतं.

तुझं उत्तर आलं ते मीच तिला वाचून दाखवलं. आजीवर घातलेलं मला सहन होत नाही, मंडळीसमोर कबूल कर, मग येईन, असं तू लिहिलं होतंस. तिनं माग बंद करून ऐकलं. मग विचारलं, “ईस्टरला किती दिस ऱ्हायले?”

“बारा.”

“तयारी करू की.”

मी भिंतीपलीकडं राहत होतो, ती तयारी मला रोज दिसायची. तिनं स्वतः शिडीवर चढून भिंतींना चुना लावला. जमीन सारवली. प्रभुभोजनाच्या मेजावर अंथरायचं पांढरं कापड ती दरवर्षी विणून द्यायची. यंदाही विणलं आणि चर्चच्या शिपायाकडं पाठवून दिलं. ज्या मेजाशी तिला यायची बंदी, त्यावरचं कापड तिचंच. पाळकसाहेबांनी ते बराच वेळ हातात धरलं होतं, मग अंथरायला सांगितलं. उरलेल्या सुतात तिनं दाविदच्या सदऱ्याचं कापड विणलं. कोपऱ्यावरची बाई दारात येऊन म्हणाली, “तुला चर्चातनंच काढलंय की गं राहेले, मग सण कुणाचा करतीस?” राहेलआक्का म्हणाली, “चर्चाचा न्हाय करत. घरातला करते.”

सणाला हुग्गी ठरलेली. गहू ओले करून उखळात कांडायचे, कोंडा पाखडायचा, मग गूळ, खोबरं, खसखस घालून शिजवायचे. शनिवारी दोघी गहू निवडत बसल्या होत्या. आत्ती बोटांनी खडे काढायची आणि एकही सुटायचा नाही.

“गंगू, तुजा देव मेला कवा आन् उठला कवा?”

“शुक्रवारी मेला, रविवारी उठला, आत्ती.”

“मग शनवारी तुमी काय करता?”

“गहू निवडतो. हात चालवा.”

मी खिडकीतून ऐकत होतो आणि हसलो. नंतर माझ्या लक्षात आलं, त्या घरात आठवडाभरात कुणी दाविदचं नाव काढलं नव्हतं. सदरा मात्र शिवून, घडी करून मागाच्या दांडीवर ठेवलेला होता.

ईस्टरच्या सकाळी मी चर्चला गेलो. तिच्या कापडावरची भाकर घेतली, प्याला घेतला. राहेलआक्का यंदा आली नाही; घरी आत्तीपाशी राहिली. तिनं आदल्या दिवशीच मला जेवायला सांगून ठेवलं होतं. बायको म्हणाली, “तुम्ही जा. मला तिच्या तोंडाकडं बघवत नाही.”

चार पाट मांडले होते. निपाणीची मोटार बेळगावात कधी येते, तिथून चालत यायला किती वेळ लागतो, हे तिनं कुणाला तरी विचारून ठेवलेलं. तेवढा वेळ तिनं थांबून बघितलं, वर आणखी एक तास. गल्लीत वर्दळ नव्हती. मग ती उठली, लहानशी प्रार्थना केली, पहिल्यांदाच हळू आवाजात, आणि वाढायला लागली.

“दाविद आला?” आत्तीनं विचारलं.

“न्हाय.”

आत्तीनं ताट पुढं सारलं. “माझ्या जिभेनं आलं न्हाय ते पोर.”

“जेवा आत्ती. हुग्गी गार हुतीया.”

मग तिनं माझ्याकडं बघितलं. “मास्तर, पत्रात म्या सांगितलेलं सगळं लिवलंवतं न्हवं?”

“हो,” मी म्हणालो.

तिनं पातेलं जवळ ओढलं. मग माझ्या ताटात हुग्गी वाढली. ती मी खाल्ली, हेही लिहून ठेवतो.

जेवणं झाली तशी तिनं पितळी डब्यात हुग्गी भरली, सदऱ्याची घडी वर ठेवली आणि फडक्यात गाठ मारली. निपाणीला जाते म्हणाली. आयुष्यात ती कधी मोटारीत बसली नव्हती. आत्तीनं ऐकलं आणि भिंत धरून उभी राहिली.

“मला बी ने. माजं मी सांगते.”

“मोटारीत बसाया यील?”

“साठ वर्सं खड्ड्यात बसले. मोटारीत बसाया काय हुतंय?”

आत्तीचा हात सुनेच्या उतरत्या खांद्यावर, अशा दोघी निघाल्या. डबा मी घेतला. भर दुपारी तीन ठिकाणी टेकत आम्ही नाका ओलांडला. म्हातारीनं वाटेत अजून किती, असं एकदाच विचारलं.

निपाणीत काय झालं ते तुला माहीत आहे. पुढं तूच मला सांगितलंस. आजीनं डॉक्टरांच्या टेबलावर हळद मागितली, डोळे मिटून पाच पट्टे ओढून दाखवले आणि म्हणाली, हे माझे हात, आईला बोल लावू नको. मग तिघांनी दवाखान्यामागच्या खोलीत बसून हुग्गी खाल्ली. आई दुसऱ्या दिवशी परत आली ती थेट मागावर बसली. तुला वाटतं गोष्ट तिथं मिटली. मिटली ती तुमच्या घरातली. माझं नाव तिनं तिथंही काढलं नाही, म्हणून तर तू मला चार ओळी मागतोस.

तिची बंदी त्या वर्षी उठली नाही. आत्तीला पंचांसमोर आणा, असं कुणीतरी सुचवलं होतं. राहेलआक्का म्हणाली, म्हातारीला किती ठिकाणी उभी करू? वर्षभर ती शेवटच्या बाकावर बसून ओरडून प्रार्थना करायची आणि प्रभुभोजनाच्या वेळी उठून बाहेर जायची. पुढच्या साली नवे पाळक आले, त्यांनी काही न विचारता तिला पुढं बोलावलं. ठरावाची वही माझ्याकडंच होती, त्या पानावर मी ‘रद्द’ असं लिहिलं. खरं काय होतं ते तेव्हाही लिहिलं नाही.

यानंतरही ती पत्रं माझ्याकडूनच लिहून घ्यायची. गल्लीत लिहिणारे आणखी झाले होते, तरी ती माझ्याकडंच यायची. फरक एवढाच पडला की पूर्वी सांगून झालं की ती अंगठा उठवायची. आता म्हणायची, “एकदा वाचून दावा.” पंधरा-सोळा वर्षं मी तिला प्रत्येक पत्र वाचून दाखवलं, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. ती डोळे मिटून ऐकायची. या एका वाक्यापलीकडं ती मला कधी काही बोलली नाही.

तिला मी अलीकडं आजारपणातही पाहिलं, मातीलाही गेलो होतो. पण डोळ्यांपुढं येते ती त्या ईस्टरच्या दुपारची.

मोटार बाजूनं उघडी होती. मागच्या बाकावर आत्तीला आत बसवून राहेलआक्का मध्ये बसली. डबा मांडीवर. कडेला एक जागा रिकामी होती. मी खाली उभा.

“मास्तर,” ती म्हणाली, “निपाणी तुमचंच गाव. उद्या शाळेला सुट्टी हाय. चला की.”

पोर घरी आहे, बायको वाट बघेल, असं काहीतरी मी म्हणालो. तिनं मान हलवली. एक पटकेवाला बोचकं घेऊन त्या जागेवर बसायला आला. तिनं जागेवर तळवा पसरून ठेवला आणि त्याला म्हणाली, “हितं माणूस यायचंय.” तो कुरकुरत पुढं गेला. कंडक्टर ओरडला, हॉर्न वाजला, मोटार हलली. ती माझ्याकडं बघत होती, रागानं नाही, नुसती बघत. धूळ उडवत मोटार वळणावर गेली तोवर तिचा हात त्या जागेवर तसाच होता.